तिसऱ्या कंपनीची रजा

आमच्या बटालियनमध्ये तिसरी कंपनी म्हणजे मी. कंपनीतला एक जण नव्हे, अख्खी कंपनी. हे मी फुशारकीनं सांगत नाही, वैतागून सांगतोय. कारण ज्याला सांगावं तो आधी फिस्सकन हसतो आणि मग विचारतो, बाकीचे कुठं गेले? गेले, बाबा! लढाई सुरू झाल्यापासून वरून सारखा हुकूम यायचा की अमक्या बटालियनला माणसं कमी पडताहेत, तुमच्यातली पाठवा. आम्ही पाठवायचो. आज वीस, उद्या पन्नास. माणसांची बदली होते, सामानाची होत नाही, सामान बटालियनच्या नावावर असतं. असं करता करता सामान आठशे जणांचं राहिलं आणि माणसं उरली सहा.

सहा म्हणजे एक कर्नलसाहेब, एक स्टोअरवाला आणि चार कंपन्या. पहिली कंपनी मूळचा न्हावी. दुसरी कंपनी बसचा कंडक्टर, अजूनही परेडला "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायची त्याची खोड गेलेली नाही. चौथी कंपनी प्लंबर. त्याच्याकडे उखळी तोफा होत्या, कारण त्यांना नळ्या असतात आणि नळीचं त्याला कळेल असं कुणालातरी वाटलं. मी पाट्या रंगवणारा. दुकानांवरच्या, दवाखान्यांवरच्या, 'येथे गाड्या उभ्या करू नयेत' वगैरे. सगळे मला 'तिसरी' म्हणूनच हाक मारायचे. "तिसरी जेवली का?" "तिसरीला ताप आलाय." सुरुवातीला राग यायचा, मग तोही येईनासा झाला.

रोज सकाळी परेड. मैदान आठशे जणांचं आणि कंपन्यांच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे आम्ही चौघं चार टोकांना. कर्नलसाहेब मधे उभे राहून पत्र्याच्या कर्ण्यातून ओरडायचे, "तिसरी कंपनी, पांगा!" आता एकट्या माणसानं पांगायचं कसं, सांगा. मी थोडा डावीकडे पळायचो, थोडा उजवीकडे पळायचो आणि धापा टाकत मधे येऊन उभा राहायचो. साहेब खूश व्हायचे. "पहिलीपेक्षा तिसरी छान पांगते," असं ते एकदा म्हणाले तेव्हा न्हावी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कर्नलसाहेब माणूस वाईट नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्ही त्यांना शिव्या घालाल. त्यांचा सगळा जीव त्या तक्त्यात. जेवणाच्या हॉलच्या मोठ्या भिंतीवर त्यांनी बटालियनचा तक्ता माझ्याकडून रंगवून घेतला होता. सगळ्यात वर त्यांचा चौकोन. त्याखाली चार कंपन्या. प्रत्येक कंपनीच्या पोटात प्लाटून, प्लाटूनच्या पोटात तुकड्या, आणि प्रत्येक चौकोनात कुणाकडं काय असायला हवं ते: रायफली, मशिनगन, टिकाव, फावडी, पाण्याच्या बाटल्या, दुर्बीण, स्ट्रेचर, शिट्टी. साहेब हातात काठी घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहायचे आणि त्यांचा चेहरा असा काही फुलायचा! "माणसं येतात, जातात," ते म्हणायचे, "बटालियन ही आहे." आणि काठी भिंतीवर टेकवायचे. मी शिडीवर उभा राहून तुकड्यांच्या रेघा गडद करत असायचो. मला वाटायचं, साहेब, बटालियन ही आहे तर मला घरी सोडा की.

सामान मात्र इमानेइतबारे यायचं. दर महिन्याला लॉऱ्या लागायच्या, तक्त्यात जेवढं तेवढं. स्टोअरवाला एकटा, सहीला बसला की त्याचं बोट सुजायचं. आठशे जोड बूट आले. आठशे हेल्मेटं आली, ती सगळी भांडारात मावेनात म्हणून उरलेली जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन-दोन ठेवली. झोपायच्या खोल्यांत पलंगांच्या रांगा, प्रत्येक पलंगावर घडी घातलेलं ब्लँकेट, आणि ते रोज झटकायचं, कारण तपासणी पलंगाची होते, झोपणाऱ्याची नाही. माझ्या कंपनीच्या सगळ्या रायफलींना मी आळीपाळीनं तेल घालायचो. शेवटच्या रायफलीला पोचेपर्यंत पहिलीवर गंज धरलेला असायचा. हात तेलकट, पाठ मोडलेली आणि डोकं कायम तापलेलं.

आता ही सगळी पदं रिकामी. पण काम अडता कामा नये, म्हणून वरची पदंही हंगामी म्हणून माझ्याकडेच. म्हणजे शिपाई मी, तुकडीचा नायक मी, प्लाटूनचा प्रमुख मी आणि कंपनी कमांडरही मीच. शिपायाला सकाळी उठायला उशीर झाला तर कमांडर म्हणून मीच स्वतःला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो, आणि शिट्टी वाजवत स्वतःच्या मागे पळायचो. प्लंबर गच्चीवरून बघून पोट धरून हसायचा.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण घरी माझी मुलगी होती आणि मी तिला एकदाही पाहिलेलं नव्हतं. मी भरती झालो तेव्हा बायकोला सातवा चालू होता. पोर जन्मली, रांगली, चालली, बोलायला लागली, आणि मी इथं ब्लँकेटं झटकतोय. एक दिवस बायकोचं पत्र आलं की ती पोस्टमनला बाबा म्हणते. तिचं काय चुकलं बिचारीचं, बाबांचं पत्र आलं, बाबांचं पत्र आलं, असं घरात सगळे म्हणतात आणि दारात उभा असतो तो. मी ते पत्र वाचलं आणि भांडाराच्या मागं जाऊन ढसाढसा रडलो. मग उठलो आणि रजेचा अर्ज केला.

अर्ज रीतसर वर जावा लागतो. शिपाई म्हणून मी लिहिला. नायक म्हणून वाचला, अक्षर बरं काढ म्हणून परत दिला. पुन्हा लिहिला. प्लाटून प्रमुख म्हणून शिफारस केली. कंपनी कमांडर म्हणून हातात घेतला आणि नियम बघितला: कंपनीच्या एक दशांशाहून जास्त माणसं एका वेळी रजेवर जाता कामा नयेत. मी नामंजूर असा शेरा मारला आणि वर स्वतःला दमही भरला, की लढाई चालू आहे आणि तुला घर सुचतंय? त्या दिवशी मला माझं तोंड बघवेना.

तरीही कर्नलसाहेबांकडे गेलोच. ते तक्त्यासमोर बसून बटाटे सोलत होते. स्वयंपाकी पहिल्याच वर्षी बदलून गेला होता.

"साहेब, मुलीला बघायला जायचंय."

"जा ना," ते म्हणाले. "नियमात बसेल तेवढे जा. तुमची कंपनी एकाची. एकाचा एक दशांश जाऊ शकतो, माझी काही हरकत नाही."

"कुठला दशांश, साहेब?"

"ते तुम्ही ठरवा. कंपनी कमांडरच्या अखत्यारीतली गोष्ट आहे, मी त्यात ढवळाढवळ करणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साहेब चेष्टा करत नव्हते. चेष्टा त्यांना जमतच नाही. मी न्हाव्याकडे गेलो आणि म्हटलं, भादर. त्यानं माझं डोकं पार गुळगुळीत केलं, केस एका पाकिटात भरले आणि आम्ही ते घरी पाठवले. साहेबांनी पावती दिली: तिसरी कंपनी, काही अंश, रजेवर. मला वाटलं निदान बापाचं काहीतरी पोरीच्या हाताला लागेल. वेडेपणाच, पण माणूस तिथं राहून वेडा नाही होणार तर काय होणार?

बायकोचं उत्तर उलट टपाली आलं. "डोक्यावरचं पाठवलंत, डोकं कुठं ठेवलंत? पोर घाबरून रडली. एक दशांश म्हणजे किती माणसं लागतात ते कळवा."

मी कळवलं, दहा. माझ्याखेरीज नऊ. रागाच्या भरात लिहिलं, वाटलं तेवढाच जीव मोकळा.

पुढच्या आठवड्यात दुपारी मी जिन्यावरची हेल्मेटं पुसत होतो, तेवढ्यात फाटकावरून कंडक्टरचा आवाज आला, "पुढे सरका, पुढे सरका, सगळ्यांना जागा आहे!" बघतो तर फाटकात माझी बायको. तिच्यामागं माझी आई, वडील, सासूबाई, सासरे, आत्या, काका, माझी बहीण आणि सगळ्यात शेवटी, एका हातात पिशवी आणि तोंडात अर्धा पाव घेतलेला माझा मेहुणा.

"अगं, हे काय?" मी म्हटलं.

"नऊ," बायको म्हणाली. "मोजून घ्या. पोरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलंय. आता तुमच्या साहेबांना म्हणावं, हे घ्या दहा आणि माझ्या नवऱ्याला सोडा."

तिचा श्वास लागला होता, कपाळावर घाम होता. तीन वर्षांनी बघत होतो मी तिला. मला काहीतरी गोड बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं, "तुला वेड लागलंय का?"

"तुम्ही केस पाठवता, मी माणसं आणली. वेड कुणाला लागलंय?"

कर्नलसाहेब धावतच आले. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं हो! तीन वर्षांत वरून माणसं मागणारे हुकूम आले, माणूस म्हणून एक आला नव्हता. मी म्हटलं, साहेब, यात बायका आहेत, म्हातारे आहेत. साहेब मला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेले आणि काठी एका चौकोनावर ठेवली. "हे काय लिहिलंय? शिपाई, दहा. पुरुष असं लिहिलंय? तरुण असं लिहिलंय? तुम्हीच रंगवलंय." लिहिलं नव्हतं, आणि रंगवलं मीच होतं.

संध्याकाळपर्यंत तिसरी कंपनी उभी राहिली. कमांडर कोण यावर काही वाद झाला नाही, सासूबाई आपोआपच कमांडर झाल्या, घरीही त्याच असतात. सासऱ्यांना मशिनगन दिली. तिचा आवाज मोठा असतो म्हटल्यावर ते म्हणाले, काही हरकत नाही, मला सवय आहे. संदेश विभाग आत्याकडे गेला. तिला तार, टेलिफोन काही लागलं नाही, तिला एक गोष्ट सांगितली की जेवणाआधी ती चारही कंपन्यांना माहीत. वडील आणि काका स्ट्रेचरवर. बहिणीला दुर्बीण मिळाली, आणि कंडक्टरच्या पेटीत कुणाचा फोटो आहे ते तिला तासाभरात कळलं. मेहुण्याला निरोप्या केलं, म्हणजे धावत जाऊन चिठ्ठ्या द्यायच्या. आयुष्यात कधी कोपऱ्यावरून काडेपेटी आणून न दिलेला माणूस तो. आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि साहेबांच्या हातातली सुरी काढून घेतली. "अहो, किती जाड साल काढताय," ती म्हणाली, आणि साहेब ताटं मांडायला गेले.

बायको प्लाटून प्रमुख. म्हणजे शिपाई म्हणून मी तिच्या हाताखाली आलो. "पांगा!" ती ओरडली, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच तिसरी कंपनी खरोखर पांगली. सासरे एका बाजूला गेले ते झाडाखाली जाऊन बसलेच.

रात्रीच्या जेवणाला आम्ही दहा जण एका टेबलाला बसलो. तेच आवाज, तीच भांडणं, आत्याचं तेच "मी म्हणत नव्हते?" मला भरून आलं. मी मान खाली घालून खात राहिलो. एवढ्यात स्टोअरवाल्यानं मला कोपरानं ढोसलं.

"अरे, दहा झाले ना तुझे?" तो हळूच म्हणाला. "दहाच्या कंपनीला रजा मिळते, तशी आघाडीही मिळते. दहाच्या खाली म्हणून तर इतके दिवस आपल्याला कुणी हात लावला नाही."

मी घास ताटात टाकून उठलो. बायकोला बाहेर नेऊन सांगितलं.

"वर कुणाला माहितीय आम्ही आलोय ते?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

"मग झालं तर. तुम्ही उद्या निघा, पोरीला भेटा, चार दिवस राहा. तुम्ही आलात की आम्ही आमच्या घरी. वर कळायच्या आत सगळं आटपतं."

मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. फक्त आम्ही दोघं एक गोष्ट विसरलो. मंजूर रजेची एक प्रत वर जाते, आणि तिच्यावर रजेचं कारण लिहावं लागतं तसं, रजा कुठल्या नियमात बसली तेही लिहावं लागतं. साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: तिसरी कंपनी, संख्या दहा, त्यातला एक. आणि रजा किती दिवसांची या जागी त्यांनी प्रेमानं लिहिलं, परत येईपर्यंत. त्यांना वाटलं, पोराला तीन वर्षांनी सोडतोय, घाई कशाला. वरून शिक्का येईपर्यंत निघायचं नाही असा दंडक, म्हणून मी पिशवी भरून फाटकाशी बसून राहिलो.

शिक्का आला. लॉऱ्यांतूनच आला. पुढच्या लॉरीतून एक तपासनीस उतरला, एका हातानं त्यानं माझी रजा मला दिली आणि दुसऱ्या हातानं कर्नलसाहेबांना आघाडीचा हुकूम दिला. तिसरी कंपनी, सामानासकट, लगेच.

मी रजेचा कागद साहेबांसमोर धरला. "फाडा हा! मी जात नाही. मी यांच्याबरोबर जातो."

साहेबांचा चेहरा उतरला होता. "मंजूर रजा रद्द करायची तर कंपनी कमांडरची शिफारस लागते," ते म्हणाले.

मी सासूबाईंकडे वळलो. त्यांनी हेल्मेट घातलं होतं, पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधला होता. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात तर आम्ही दहा जातो, नाही आलात तर नऊ. जायचं तर आहेच. पोर तिकडं परक्या घरी आहे. शिफारस करत नाही मी."

"आई, तू तरी साहेबांना सांग, आमची नावं कंपनीतून काढा म्हणावं!"

"अरे, बूट घातलेत," आई म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला होता. एकदा घेतलेली वस्तू परत करायला तिला आयुष्यभर लाज वाटत आलीये, दुकानातसुद्धा.

सामान चढायला लागलं. मशिनगनी, टिकाव, फावडी, दोनशे जणांची ब्लँकेटं, नऊ जणांसाठी. आत्या ड्रायव्हरला काहीतरी सांगत होती. काका आणि वडील स्ट्रेचर कुठल्या बाजूनं आत घालायचं यावर भांडत होते. बायको शेवटी चढली. मी तिचा हात धरला.

"सोडा," ती म्हणाली. "ती तुम्हाला घाबरेल पहिल्यांदा. लगेच उचलून घेऊ नका. बाजूला बसा नुसते, आपणहून येईल." आणि मग रागानं, "आणि डोकं झाका काहीतरी घालून, अजून धड केस आले नाहीत."

लॉऱ्या गेल्या. कंडक्टर फाटक लावत होता. मी आत जायला लागलो तर त्यानं हात आडवा केला. म्हणाला, रजेवरच्या माणसाला आत सोडता येत नाही. त्याचे डोळेही भरले होते, म्हणून मी पिशवी उचलून घरची वाट धरली.

घरी पोचलो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागं माझ्या रंगाचे डबे. नऊ माणसांचं घर ते. वडिलांचा चष्मा खिडकीत, सासऱ्यांचं अर्धवट वाचलेलं वर्तमानपत्र, आत्याचं विणकाम सुईसकट खुर्चीवर. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं सगळं. तीन वर्षं मी या घरी यायची स्वप्नं बघत होतो आणि आता मला तिथं उभं राहवेना.

शेजारच्या काकू पोरीला घेऊन आल्या. बारीक मनगटं, आईसारखं कपाळ. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हात पुढं केला. पत्र मागत होती. दारात येणारा बाप्या पत्र देतो एवढंच तिला ठाऊक. माझ्याकडं पत्र नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला तर ती किंचाळून काकूंच्या मागं लपली.

मी बाजूला बसलो, नुसता. बायकोनं सांगितलं होतं तसा. ती आली आपणहून, पण हळूहळू. आधी माझ्या डोक्यावर हात फिरवून बघितला. मग माझ्या ब्रशनं काकूंचं दार निळं केलं. मग मी पाट्यांवरची अक्षरं गिरवून दाखवायला लागलो तेव्हा मांडीवर बसली. एका सकाळी पोस्टमन आला तेव्हा ती त्याला काही म्हणाली नाही, माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, पत्र." मला वाटलं, आता मेलो तरी चालेल. मग पत्र उघडलं.

बायकोनं लिहिलं होतं, आम्ही खड्ड्यात राहतो, आईंनी खड्डासुद्धा झाडून घेतलाय. आमच्या मातोश्रींनी परवा दुपारी समोरच्या सैन्याला ओरडून सांगितलं की जेवणं झाल्यावर जरा गप्प बसत जा, आणि ते खरंच तासभर गप्प बसले. काकांच्या पायाला छर्रा लागलाय. स्ट्रेचरचं एक टोक काकांचं, त्यामुळे त्यांना आणायचं कुणी यावर बराच वेळ गेला. शेवटी माझा भाऊ धावत गेला, खरंच धावला. आता बरे आहेत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, गोळे रोज जवळ पडताहेत. पोर मला विसरली का?

विसरली नव्हती. ती रोज संध्याकाळी स्वतःचे बूट उलटेसुलटे पायांत अडकवून दारात उभी राहायची. का गं, म्हटलं तर म्हणायची, आई येणार. दिवा लागला की बूट काढून पुन्हा जागेवर ठेवायची. रडायची नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी कर्नलसाहेबांना लिहिलं, माझ्या बायकोला रजा द्या. त्यांचं उत्तर आलं, त्याच सुवाच्य अक्षरात. दहाचा एक दशांश एक. तो एक सध्या तुम्ही आहात. तुम्ही हजर झालात की त्याच क्षणी त्यांची रजा मंजूर करतो, अगदी आनंदानं. खाली लिहिलं होतं, त्या फार चांगल्या प्लाटून प्रमुख आहेत.

म्हणजे पोरीला बाप मिळेल किंवा आई मिळेल. मी जितके दिवस इथं मांडीवर घेऊन अक्षरं गिरवीन, तितके दिवस तिची आई खड्ड्यात. मी कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात बसलो. मी तिला जेमतेम बाबा म्हणायला शिकवलं होतं हो, मला अजून थोडे दिवस हवे होते. खरंच हवे होते. पण त्या चार शब्दांपुढं, गोळे रोज जवळ पडताहेत, माझं हवं-नको कुठं ठेवू?

सकाळी पिशवी भरली. काकूंचा निरोप घेतला. पोर बूट घालून दारात येऊन उभी राहिली, या वेळी सरळ घातलेले.

"कुठं?" तिनं विचारलं.

"आईला पाठवायला. मी गेलो की आई येईल."

"आणि तू?"

"मी तिथं थांबणार. एक जण घरी आला की एकाला तिथं थांबावं लागतं."

तिनं विचार केला. "आजीला थांबव."

"आजी तिथंच आहे, बाळा."

"दुसऱ्या आजीला."

"ती पण तिथंच आहे."

मग तिनं आजोबांचं नाव घेतलं, दुसऱ्या आजोबांचं घेतलं, आत्याआजीचं, काकाआजोबांचं, आत्याचं आणि मामाचं. मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. तिची माणसं संपली. ती दाराच्या कडेला नखानं खरवडत उभी राहिली, आणि मग एकदम तिचा चेहरा उजळला.

"मी थांबते," ती म्हणाली. "तू आणि आई घरी या."

आणि मी काय केलं सांगू? मी हिशोब केला. तिच्यासकट अकरा. दोघांना एकदम सोडायचं तर वीस लागतात. म्हणजे अजून नऊ कमी पडत होते, आणि आमच्या नात्यात तेवढी माणसं आता कुठून आणायची, हे मी तिच्यासमोर उभा राहून, तिच्याकडे बघत, खरोखर आठवायला लागलो होतो. मी बाप आहे तिचा. भानावर आलो तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. मी तिला काकूंच्या कडेवर दिलं, पिशवी उचलली आणि निघालो.